माळ गावाचा, भाडं कुणाचं?

बेळगावच्या सीमाभागात कुठलाही प्रश्न दोन दिवसांत भाषेचा होतो. गायरानाचंही तेच झालं आहे. एखाद्या गावच्या माळावर सौर पॅनेल येणार, औद्योगिक वसाहत येणार किंवा खडी क्रशरवाल्याला पट्टा मिळणार अशी कुणकुण लागली की मराठी बाजूने पहिला आवाज उठतो, ‘यांना आमच्याच गावांच्या जमिनी कशा दिसतात?’ कन्नड बाजूने लगेच उत्तर येतं, की विरोध करणारे विकासाच्या आड येणारे लोक आहेत, त्यांना हे राज्यच नको आहे. मग निवेदन, त्यावर दुसरं निवेदन, बंदोबस्त आणि आठ दिवसांनी शांतता. ही जमीन कुणाच्या संमतीने दिली, तिचं भाडं किती ठरलं आणि ते कुणाच्या खात्यात जमा होणार, हे या सगळ्या गदारोळात कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. गायरान आणि त्याच्या पोटातला दगड-मुरूम हे गावाचं भांडवल आहे. ते कधीच कुणाला वापरू देऊ नये असं मी म्हणत नाही. पण ग्रामसभेच्या संमतीशिवाय ते देऊ नये, दिलं तर शेजारच्या खासगी जमिनीला जे भाडं मिळतं तेच घ्यावं, आणि त्यातून आलेला पैसा उत्पन्न समजून त्याच वर्षी खर्च करू नये, मुद्दल समजून राखावा. गावच्या जनावरांची चराई मात्र आजवर फुकट होती तशीच फुकट राहिली पाहिजे.

भाषेच्या मुद्द्याला टाळून पुढे जाता येणार नाही, म्हणून आधी तोच घेतो. महाराष्ट्रात असतो तर आपली गायरानं सुरक्षित राहिली असती, असं आपल्यातले अनेकजण मनापासून मानतात. त्यांनी सीमेपलीकडचं धोरण एकदा नीट वाचावं. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी आखलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात शेतकऱ्याची खासगी जमीन घेतली तर त्याला वर्षाला हेक्टरी 1 लाख 25 हजार रुपये भाडं मिळतं, शिवाय दरसाल 3 टक्के वाढ. जमीन सरकारी असली, म्हणजे बहुतेक ठिकाणी गायरानच असलं, तर भाडं नाममात्र 1 रुपया. ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख रुपये मिळतात, तेही 3 वर्षं. आता हिशेब करून बघा. दहा हेक्टर माळ गेला आणि त्याला खासगी जमिनीचा दर लावला, तर वाढ अजिबात न धरताही वर्षाला साडेबारा लाख आणि पट्ट्याच्या 25 वर्षांत 3 कोटी 12 लाखांच्या वर रक्कम होते. गावाच्या हाती पडतात 15 लाख. उरलेले पैसे कुठे गेले? चोरीला गेले असं कुणी म्हणणार नाही. ते कधी मोजलेच गेले नाहीत. आणि हे मराठी सरकारने मराठी गावांच्या बाबतीत केलेलं आहे. तेव्हा कुठल्या राज्यात आहोत यावर माळ वाचतो की जातो हे ठरत नाही. दोन्ही राज्यांच्या महसूल खात्यांना गायरान म्हणजे रिकामी जमीन वाटते, दुखणं तिथे आहे.

हे दुखणं जुनं आहे, आणि गंमत म्हणजे ते आपल्याला दोन्हीकडे एकाच घरातून आलं आहे. 1956 च्या 1 नोव्हेंबरपर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि इथे 1879 चा मुंबई जमीन महसूल कायदा लागू होता. त्या कायद्याने पडीक जमिनीतून गावच्या जनावरांसाठी मोफत चराईची जमीन राखून ठेवायची तरतूद केली आणि तो हक्क त्याच गावच्या जनावरांपुरता आहे हेही लिहून ठेवलं. इंग्रज काही गावांवर मेहेरबान झाला नव्हता. जे शतकानुशतकं चालत आलं होतं ते त्याने कागदावर आणलं आणि आणता आणता मालकी स्वतःकडे घेतली. त्याच काळात दुसऱ्या हाताने जंगलखातं वाढत होतं. 1883 मध्ये जोतीराव फुल्यांनी त्या खात्यावर जो आरोप केला तो आजही तसाच्या तसा लागू पडतो: डोंगर-टेकड्यांच्या भरीला पडीक जमिनी आणि गायरानंही आत ओढली, आणि गरिबाच्या शेरडा-करडांना रानचा वारा खायलाही जागा ठेवली नाही. पुढे कर्नाटकाने 1964 चा जमीन महसूल कायदा केला, त्यातही तीच तरतूद आली. 1966 च्या नियमांतला 97 वा नियम तर आकडाच देतो: दर 100 जनावरांमागे 12 हेक्टर जमीन मोफत चराईसाठी राखली पाहिजे. आपल्या गावात जनावरं किती, त्या हिशेबाने गायरान किती हवं आणि प्रत्यक्षात शिल्लक किती आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी तलाठ्याला विचारलं आहे? मोर्चात घोषणा द्यायला शंभर माणसं मिळतात. हा एक आकडा मागणारा अर्ज लिहायला कुणी बसत नाही.

आता समोरच्या बाजूचं ऐकू. त्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा असा, की ज्या गायरानासाठी तुम्ही भांडता ते उरलंच कुठे आहे? माळावर घाणेरी आणि विलायती बाभळ माजली आहे, गवताची काडी दिसत नाही. बैल ट्रॅक्टरमुळे गेले. म्हशी गोठ्यात उभ्या असतात आणि ऊस, मका, विकतची पेंड खातात. गावातल्या पोरांना गुरं राखायला जायचं नाही. मग जनावरंच नसलेल्या माळावर वीज तयार केली तर बिघडलं काय? यातला बराच भाग खरा आहे. 2012 ते 2019 या दोन पशुगणनांच्या मधे कर्नाटकातली गाई-बैलांची संख्या सुमारे 95 लाखांवरून 85 लाखांच्या खाली आली. बेळगाव तालुक्यातल्या भातपट्ट्यात किंवा चिकोडी-रायबागच्या ऊसपट्ट्यात फिरणाऱ्याला हे सांगायला गणनेची गरज नाही.

पण त्याच गणनेत दुसरा आकडा आहे आणि तो या चर्चेत कुणी उच्चारत नाही. त्याच काळात राज्यातली मेंढरं सुमारे 96 लाखांवरून 1 कोटी 11 लाखांवर गेली. म्हणजे माळाची गरज संपली नाही, ती गावातल्या जमीनदार घरांच्या गोठ्यातून निघून धनगरांच्या आणि कन्नड मुलखातल्या कुरुब मेंढपाळांच्या कळपात गेली. ज्यांच्या दारात ट्रॅक्टर आला ते म्हणतात माळ रिकामा आहे. ज्यांची सगळी मिळकत चार पायांवर चालते त्यांना कुणी विचारत नाही, कारण ग्रामसभेच्या दिवशी ते गावात नसतात.

हा व्यवहार जवळून पाहिलेल्याला माळाचा उपयोग समजावून सांगावा लागत नाही. सुगी संपली की धनगर कळप घेऊन निघतो, घोड्यावर संसार, मागे कुत्री. वाटेतल्या गावात शेतकरी त्याच्याशी बोलणी करतो आणि आपल्या रानात बकरी बसवून घेतो. संध्याकाळी जाळीचं कुंपण ठोकायचं, रात्रभर कळप त्या तुकड्यात बसवायचा, दुसऱ्या रात्री जाळी पुढे सरकवायची. लेंडी आणि मूत थेट जमिनीत मुरतं. शेतकरी त्याबद्दल धान्य देतो किंवा रोख मोजतो. पण रात्री खत देणारा हा कळप दिवसभर कुठे चरतो? पिकात तर सोडता येत नाही. तो गायरानावर चरतो, पाणंदीच्या कडेला चरतो, ओढ्याकाठच्या पडीकात चरतो. माळ गेला तर नुसता धनगर उठत नाही, ज्याच्या रानात बकरी बसते त्या शेतकऱ्याचं खतही जातं, आणि मग तोच शेतकरी पोत्यातल्या खताच्या रांगेत उभा राहतो. हे नुकसान कुठल्या प्रकल्प अहवालात येतं? आणि या व्यवहारात धनगर मराठी बोलतो की कन्नड, हे शेतकऱ्याने कधी विचारल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. अथणीकडचा कुरुब खानापूरकडच्या मराठा शेतकऱ्याच्या रानात बकरी बसवतो. दोघांचं जमतं, भाव ठरतो.

घाणेरी माजली हे खरं, पण ती का माजली? ज्या जमिनीला वाली नाही तिथे ती माजते. चराऊ रानांची देखभाल कर्नाटकच्या 1993 च्या पंचायत राज कायद्याने ग्रामपंचायतीच्या कामांत घातली आहे. त्या कामावर पैसा कधी पडला? रोजगार हमीतून रस्त्याकडेचं गटार चार वेळा उकरलं जातं. माळावरची घाणेरी काढून गवताचं बी टाकायचं काम कधी घेतलं गेलं, हे प्रत्येकाने आपापल्या पंचायतीत विचारून पाहावं. आधी दुर्लक्ष करून जमीन निकामी करायची आणि मग ती निकामी आहे म्हणून देऊन टाकायची, हा न्याय आपण आपल्या वडिलोपार्जित शेताला लावू का?

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि मला तो पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. गायरान गावाचं म्हणता, पण गाव कुणाचं होतं? ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं त्यांना गावाचा माळ कधी आपला वाटला असेल? भूमिहीन दलित कुटुंबांनी पोटासाठी गायरानाचा तुकडा कसायला घेतला, त्यावर घरं बांधली, आणि आज गायरान वाचवा म्हणणारे सगळ्यात आधी त्यांच्याच झोपडीकडे बोट दाखवतात. दादासाहेब गायकवाडांनी 1959 मध्ये आणि पुन्हा 1964-65 मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, हजारो माणसं तुरुंगात गेली, ती याच पडीक जमिनींसाठी. महाराष्ट्राने पुढे 14 एप्रिल 1990 पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. कर्नाटकात बगैर हुकूम, म्हणजे परवानगीशिवाय कसल्या जाणाऱ्या सरकारी जमिनींसाठी फॉर्म 50, मग 53, मग 57 अशी अर्जांची माळ लागली, आणि कित्येक कुटुंबांच्या दोन पिढ्या त्या अर्जांच्या पोचपावत्या जपण्यात गेल्या. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. गावाच्या भल्याच्या नावाखाली गावातल्या सगळ्यात दुबळ्या माणसाला उठवायचं असेल, तर ती गायरानाची राखण नाही.

मात्र त्या माणसाची ढाल करून पाठीमागून कोण आत येतं, तेही पाहायला हवं. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना सांगितलं, आणि त्याच निकालात भूमिहीनांना, अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनी, किंवा जिथे आधीच शाळा-दवाखाना आहे अशा जागा, अपवाद म्हणून नियमित करायची वाटही ठेवली. न्यायालयाचा रोख होता तो पैसा आणि राजकीय बळ वापरून सामाईक जमीन गिळणाऱ्यांवर. आपल्याकडे अंमलबजावणी कशी होते? नोटीस निघते ती एका गुंठ्यातल्या पत्र्याच्या घराला. ज्याने माळाला लागून असलेल्या आपल्या शेताचा बांध दरवर्षी चार हात पुढे सरकवला, त्याच्या बांधावर मोजणीदाराची साखळी पोचत नाही. घर आणि पोटापुरतं शेत असलेल्या भूमिहीनाला हक्काचा कागद द्या, आणि एकदाच देऊन ते प्रकरण मिटवा. त्यानंतर जो माळ उरेल त्याची हद्द मोजून दगड रोवा. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. त्यांना एकमेकींवर घालण्यात ज्यांचा फायदा आहे, तेच लोक हा वाद पेटता ठेवतात.

तिसरा मुद्दा विजेचा. रात्री दोन वाजता थ्री फेज येते म्हणून बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जाणाऱ्या, अंधारात साप-विंचवावर पाय देणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली पाहिजे, यात वाद असूच शकत नाही. त्यासाठी उपकेंद्राजवळ जमीन लागते हेही खरं. जमीन फुकट मिळाली की विजेचा दर खाली राहतो, हेही मी मान्य करतो. पण मग ही सवलत कोण देतं ते मोजा. ज्या गावाजवळ उपकेंद्र आहे आणि ज्याने आपला माळ आजवर राखला, त्या एका गावाने तालुक्याच्या विजेची सवलत भरायची? ज्यांनी गायरान कधीच खाऊन टाकलं त्या गावांना झळ नाही, ज्यांनी राखलं त्यांना दंड. विजेला सवलत द्यायची तर ती राज्याच्या तिजोरीतून द्या, जिथे सगळे भरतात. आणि भाडं देऊन सौर प्रकल्प उभे राहत नाहीत असं कुणी सांगत असेल, तर कर्नाटकातलंच पावगड त्याला उत्तर आहे. तिथे सुमारे 13,000 एकरांवर 2,050 मेगावॅटचं सौर उद्यान शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतलेल्या जमिनीवर उभं राहिलं: एकरी वर्षाला 21,000 रुपये आणि दर दोन वर्षांनी 5 टक्के वाढ. भाडं दिलं, तरी प्रकल्प झाला. तिथेही ज्यांच्या नावावर जमीन नव्हती त्या शेतमजुरांच्या आणि मेंढपाळांच्या हाती भाडं आलं नाही, हा धडाही त्याच उद्यानाचा आहे. म्हणूनच माळाचं भाडं गावाच्या नावे हवं.

इथे काही अर्थशास्त्री मित्र म्हणतात, मग चराईलाही भाव लावा, बाजार काय ते ठरवेल. अमेरिकेने तेच केलं, त्याचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. तिथे 1934 च्या टेलर ग्रेझिंग कायद्याने पश्चिमेकडच्या सरकारी जमिनींवर चराईचे परवाने आणि शुल्क सुरू झालं. 2024 मध्ये हे शुल्क एका गाय-वासराच्या जोडीला, किंवा पाच मेंढ्यांना, महिन्याला 1.35 डॉलर होतं. खासगी कुरणाचा दर त्याच्या कित्येक पट असतो. इतकी वर्षं हा स्वस्त परवाना मिळत राहिल्यामुळे तो मोठ्या पशुपालकाच्या मालमत्तेचा भाग बनला. कुरण विकताना परवान्याची किंमत धरून विकलं जातं. तेल आणि वायूचंही तसंच. सरकारी जमिनीवरच्या उत्खननाची रॉयल्टी 1920 मध्ये साडेबारा टक्के ठरली आणि ती किमान मर्यादा वर न्यायला 2022 साल उजाडावं लागलं; 2025 मध्ये ती पुन्हा साडेबारावर आणली गेली. एकदा स्वस्त दिलेली गोष्ट घेणाऱ्याला हक्काची वाटू लागते आणि दर वाढवायचा म्हटला की तोच सगळ्यात मोठ्याने ओरडतो. आपण आज गायरान 1 रुपयाला दिलं, तर 25 वर्षांनी पट्टा संपताना तो माळ परत मागायला कोण धजेल? शिवाय तिथली चराई व्यापारी आहे, आपल्याकडची पोटाची आहे. दोन शेळ्या असलेल्या विधवेकडून शुल्क घ्यायचं आणि शंभर एकर घेणाऱ्या कंपनीला मोफत द्यायचं, इतकी उलटी सुधारणा आपल्याला नको.

गायरान वरून जातं तसं खालूनही जातं. खानापूर-बेळगावकडे जांभा आणि लाल माती, पूर्वेला काळा दगड, यादवाडच्या बाजूला चुनखडी. पश्चिमेला चंदगड-राधानगरीच्या पठारांवर बॉक्साइट; ते महाराष्ट्रात खोदलं जातं आणि बेळगावच्या यमनापुरात त्याचं अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियमची कच्ची पूड, होतं. खडक राज्याची सीमा ओळखत नाही, पण पैसा ओळखतो. बॉक्साइटची रॉयल्टी लंडनच्या धातुबाजारातल्या अॅल्युमिनियमच्या भावाला बांधलेली आहे, त्यात असलेल्या धातूच्या किमतीच्या 0.60 टक्के, म्हणजे भाव चढला की रॉयल्टी चढते. चुनखडीचा दर मात्र 2014 मध्ये टनाला 80 रुपये असा सरळ रुपयांत ठरला. सिमेंटच्या पोत्याचा भाव दरवर्षी हलतो, त्यातल्या दगडाचा मोबदला जागचा हलत नाही. मुरूम, खडी, जांभा ही तर गौण खनिजं. त्यांचे दर ठरवायचा अधिकार 1957 च्या खाण कायद्याने राज्याला दिला आहे, आणि राज्यही ते रुपयांतच ठरवतं. टिप्परमध्ये पास असतो एका वजनाचा आणि माल भरलेला असतो फळीच्या वर. गावातला कुणीही पोरगा सांगेल किती ब्रास गेला. सरकारी वहीत तेवढा दिसत नाही. खाण संपली की उरतो सरळ तुटलेल्या कडांचा खड्डा, त्यात पावसाचं पाणी, आणि त्याला कुंपण नाही. जनावर पडलं तर मालकाचं, मूल पडलं तर आईबापाचं.

25 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं, की रॉयल्टी हा कर नाही. खनिज काढायचा हक्क मिळाल्याबद्दल पट्टेदाराने मालकाला द्यायचा तो मोबदला आहे. या निकालाकडे सगळ्या राज्यांनी एकाच नजरेने पाहिलं: आता आपल्याला वेगळा करही लावता येईल. कर्नाटकाने त्याच वर्षअखेर तसं विधेयक आणलंही. मला त्या निकालातला दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा वाटतो. रॉयल्टी हा मोबदला असेल, तर मोबदला म्हणजे विकलेल्या वस्तूची किंमत. वस्तू गेली, ती पुन्हा येणार नाही. ती किंमत पगारात, पुलात, निवडणुकीआधीच्या योजनेत खर्च करणं म्हणजे शेत विकून लग्न करणं. गावात असं कुणी केलं तर आपण त्याला काय म्हणतो?

याला पर्याय आहे आणि तो शोधायला लांब जायला नको. खानापूरचा घाट उतरला की गोवा. गोवा फाउंडेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2014 मध्ये लोहखनिजाच्या विक्रीच्या रकमेतले 10 टक्के एका कायम निधीत ठेवायचा आदेश दिला, पुढच्या पिढ्यांचा वाटा म्हणून. अलास्काने तर 1976 मध्येच तेलाच्या रॉयल्टीचा किमान चौथा हिस्सा कायम निधीत टाकायचं आपल्या राज्यघटनेत लिहिलं, आणि 1982 पासून त्याच्या कमाईतून प्रत्येक रहिवाशाला वाटा मिळतो. आपल्याकडे 2015 पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. लिलावातल्या खाणीने रॉयल्टीच्या 10 टक्के आणि जुन्या पट्ट्याने 30 टक्के रक्कम त्यात भरायची असते. पण तो पैसा खर्च करण्यासाठीच आहे, राखण्यासाठी नाही, आणि तो कुठल्या गावात खर्च व्हायचा हे जिल्ह्याच्या ठिकाणी ठरतं. ज्या गावचा माळ खणला त्या गावाच्या नावाने मुद्दल राहील आणि त्याचं व्याज ग्रामसभा खर्च करील, अशी व्यवस्था बेळगाव जिल्ह्यातल्या गौण खनिजांसाठी करायला कुठला कायदा आडवा येतो? गौण खनिजांचे नियम राज्याच्याच हातात आहेत.

‘पंचायतीच्या हाती पैसा दिला तर दोन वर्षांत संपेल,’ हे उत्तर मला नेहमी मिळतं, आणि देणारे बहुधा पंचायतीत वावरलेले लोक असतात, म्हणून मी ते हलकं घेत नाही. पट्टेदार आणि सदस्य एकाच टेबलावर बसलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. म्हणून तर मुद्दलाला हात लावायचा अधिकार पंचायतीलाही नको, फक्त व्याज, आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवायची सक्ती. पंचायत भ्रष्ट आहे म्हणून निर्णय बंगळूरने घ्यावा, या तर्काचं काय झालं ते बळ्ळारीत दिसलं. 2011 मध्ये लोकायुक्त संतोष हेगडे यांच्या अहवालाने बेकायदा खाणकाम मंत्रिमंडळाच्या दारापर्यंत नेलं. तिथे पंचायतीचा सही-शिक्का कुठे होता? अनुसूचित क्षेत्रांत, म्हणजे घटनेखाली जाहीर झालेल्या आदिवासी भागांत, 1996 च्या पेसा कायद्याने गौण खनिजाच्या पट्ट्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस सक्तीची केली आहे. कर्नाटकात अनुसूचित क्षेत्र नाही, म्हणून तो कायदा इथे लागत नाही. पण जो अधिकार आदिवासी ग्रामसभेला पेलतो तो बेळगाव तालुक्यातल्या ग्रामसभेला पेलणार नाही, असं म्हणायला काय आधार आहे?

आता भाषेचा मुद्दा त्याच्या योग्य जागी ठेवता येईल. जमीन देण्याची नोटीस पंचायतीच्या फळ्यावर फक्त कन्नडमध्ये लागते. हरकतीची मुदत निघून जाते, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाला कळतं तेव्हा जेसीबी माळावर उभा असतो. ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. 1852 च्या इनाम कमिशनने याच दक्षिणी मराठी मुलखात इनामदारांना कागद दाखवायला लावले, आणि ज्याला कागदाची रीत कळली नाही त्याचं इनाम गेलं. तेव्हा भाषा इंग्रजांच्या कचेरीची होती, आज राज्याच्या कचेरीची आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी 1956 पासून जी संरक्षणं ठरली त्यांत, ज्या भागात अल्पसंख्याकांची संख्या 15 टक्क्यांच्या वर आहे तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या, हे आहे. घटनेच्या 350 व्या कलमाने केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत तक्रार मांडायचा हक्क दिला आहे. म्हणून मागणी नेमकी करा: गायरान किंवा खाणपट्ट्याची प्रत्येक नोटीस नकाशासह कन्नड आणि मराठी दोन्हींत लागली पाहिजे, ग्रामसभेत वाचली गेली पाहिजे, आणि मुदत त्या वाचनाच्या दिवसापासून मोजली पाहिजे. ‘आमच्या मराठी जमिनी घेतल्या’ या घोषणेला कचेरीत उत्तर द्यावं लागत नाही. या मागणीला द्यावं लागेल. आणि तिच्यावर अथणीचा कुरुबही सही करील, कारण सुगीनंतर तो ज्या माळांवरून जातो त्यातले निम्मे तरी मराठी गावांचे आहेत.

हे सगळं ज्या आकड्यावर उभं राहायचं तो आकडा आत्ता हाताशी येतो आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या 21 व्या पशुगणनेत फिरस्त्या पशुपालकांची जनावरं प्रथमच वेगळी मोजायचं ठरलं. आजवर कळप वाटेवर असला की तो कुठल्याच गावचा नसे, आणि 97 व्या नियमाच्या हिशेबात त्याची जागाच नव्हती. प्रत्येक तालुक्यातल्या तरुण मंडळांनी, दूध संघांनी, धनगर समाजाच्या संघटनांनी तहसीलदाराकडे लेखी मागावं: नव्या गणनेप्रमाणे आमच्या गावात जनावरं किती, 100 मागे 12 हेक्टरने गायरान किती लागतं, उताऱ्यावर किती आहे आणि मोजणीत किती भरतं. हे चार आकडे पंचायतीच्या फळ्यावर लागेपर्यंत जिल्ह्यात एकही नवा पट्टा देऊ नये.